किनाऱ्यावरचा प्रचार

२०१६ साली आम्ही परदेशात, मरीन परेडला राहत होतो. घर सांभाळायला फिलिपिनो बाई होती. मुलं तिला आंटी म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. त्या वर्षी तिची धाकटी बहीण गावच्या नगरपालिकेला उभी राहिली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही.

बहीण सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायची. तिकडे उमेदवारीचा अर्ज भरला की सरकारी नोकरी त्याच क्षणी जाते. म्हणजे हरली तर खुर्चीही नाही आणि नोकरीही नाही. समोर होतं तीन पिढ्या नगराध्यक्षपद घरातच ठेवलेलं घराणं. गावची रुग्णवाहिका त्यांच्या अंगणात उभी, तिच्यावर बापलेकांचे हसरे फोटो. अडलेल्या बाईच्या नवऱ्याने आधी त्यांच्या दारात जाऊन चावी मागायची. बहिणीला ती गाडी दवाखान्यासमोर हवी होती, एवढंच.

मला स्फुरण चढलं. वडील तहसीलदार, त्यामुळे कारभारातलं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत. ऑफिसच्या सवयीने मी बारा मुद्द्यांचा जाहीरनामा स्लाइडवर तयार केला आणि आंटीला बजावलं की वकिलातीत जाऊन बहिणीला पहिलं मत तूच टाक. ती हसतच सुटली. परदेशातून राष्ट्राध्यक्ष, सिनेटर वगैरेंनाच मत देता येतं, गावच्या जागांना नाही. जाहीरनामा तिने आदराने फ्रिजवर लावला. तो तिथेच राहिला.

तिची रीत वेगळी होती. रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर तिच्या गावाकडच्या बायका चटया टाकून बसायच्या. एकदा मीही गेले. भाषण नाही, घोषणा नाही. ती एकेकीला विचारायची, तुझं मूल कुणाच्या हातून झालं? बहुतेकींचं उत्तर एकच. मग तिथल्या तिथे घरी फोन लावायचा आणि नवरा, सासू, दीर, जो उचलेल त्याला बहिणीला मत द्यायला सांगायचं. एकीची सासू त्या घराण्याकडेच स्वयंपाकाला होती. तिचा हात फोनकडे जाईना. आंटी शांतपणे म्हणाली, "आठ जागा आहेत, प्रत्येकाला आठ मतं. सात मतं त्यांना द्या. एक तिला."

माझे बारा मुद्दे त्यापुढे पाणी भरत होते.

निकालाच्या दिवशी आंटीने ऑफिसात फोन केला, जो ती कधीच करत नसे. "मॅम, आठवी आली." आठ जागांत आठवी. मी जिन्यात जाऊन रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. नगराध्यक्ष त्याच घराण्याचा झाला, पण दोन-तीन सभांत भांडून बहिणीने गाडी दवाखान्यासमोर आणवली.

मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता आंटी म्हणाली, की बहिणीच्या दवाखान्यातल्या रिकाम्या जागेसाठी तिने अर्ज केला होता आणि तिची निवड झाली. तीही बाळंतपणाचंच काम शिकली होती. ती आमच्याकडे होती ती सहा वर्षं मी तिला कारभार शिकवत होते आणि तिला काय येतं ते एकदाही विचारलं नव्हतं.

चांगी विमानतळावर आमचा धाकटा इथल्या ढंगात "डोन्ट गो लाह" म्हणत तिला बिलगला. मी मात्र ताठ उभी होते, जणू माझीच नेमणूक झाली होती.

महिन्याभराने तिचा फोन आला. मागे कोणीतरी टाहो फोडत होतं.

"ऐका, मॅम," एवढंच म्हणून तिने फोन बाळाजवळ धरला.