रिकाम्या टाकीतला गॅस

गॅसची टाकी संपत आली की आमच्याकडे ती गरम पाण्यात बसवतात. मोठ्या परातीत कढत पाणी ओतायचं, टाकी त्यात ठेवायची, म्हणजे तळाशी उरलेला गॅस वर येतो आणि आणखी दोन वेळचा स्वयंपाक निघतो. ही अक्कल माझी. नांदेडला शिकताना खोलीवर आम्ही हेच करायचो, आणि सुट्टीत भोकरला घरी गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत मायला शिकवून आलो. आता मी लातूरला नोकरीला आहे आणि माय घरी एकटीच असते. मी शिकवलेली एवढी एकच गोष्ट तिनं मनापासून धरून ठेवलीय.

त्या सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो.

"टाकी सरली. गरम पाण्यात ठेवली तरी शेगडी पेटंना. म्हणून रेग्युलेटर काढलं, तर टाकी सूं सूं करून राहिली. वास बी लई येऊन राहिला."

संपलेल्या टाकीतही थोडा गॅस असतोच, आणि रेग्युलेटर काढताना तोंडातली पिन अडकली असणार. मी विचारलं, गळती थांबवायचं वरचं पांढरं टोपण कुठंय?

"त्याची दोरी चांगली होती. कापून फाटकाला बांधली. टोपण गेलं कुठंतरी."

मला संताप आला, पण काढायचा कुणावर? शेजारचे सगळे शेतात गेलेले. बटणांना हात लावू नको, दारं-खिडक्या उघड, टाकी आडवी पडू देऊ नको, अंगणात ने, असं मी एका दमात सांगितलं. फोन ओट्यावर ठेव आणि दोन्ही हात लाव, म्हणालो. तिनं तो ठेवला, बंद मात्र केला नाही.

भांड्यांचा आवाज झाला. मग टाकी फरशीवरून फिरवत नेल्याची घरघर ऐकू आली आणि हळूहळू लांब गेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं, की गॅस संपला होता तर पाणी तापलं कशावर? अंगणातल्या चुलीवर. म्हणजे मीच तिला गळती टाकी घेऊन विस्तवाकडे धाडलं होतं.

मी ओरडत राहिलो. चूल, माय, चूल बघ. फोन ओट्यावर, माय अंगणात आणि मी चार तासांच्या वाटेवर. जिन्यातली माणसं थांबून बघायला लागली. एकानं पाण्याची बाटली पुढं केली, ती मी हातात नुसतीच धरून ठेवली. फोन बंद करून पुन्हा लावावा, तर रिंग ऐकून ती टाकी चुलीपाशीच सोडून आत येईल, ही भीती. इतका लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिचा धापा टाकणारा आवाज आला.

"हाय का रे? ठेवली पार टोकाला, लिंबाखाली. तू एजन्सीला फोन लाव."

"अन् चूल?"

"ती तर आधीच विझवली की. परातीतलं पाणी ओतलं. तू सांगायचं इसरलास, म्हणलं घाबरलंय पोरगं."

मी "हाव, इसरलो," म्हणालो आणि तिथंच पायरीवर बसलो.