ठकीची गोळी

भुताखेतांच्या बातम्या मी आजवर दोन ओळींत निकालात काढल्या आहेत. बारामतीत वार्ताहर आहे. पुरावा नसेल तर छापत नाही. हेही लिहिलं नसतं... पण माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आई गेल्यावर गावाकडे, बावड्याच्या घरी दोघंच उरले — आबा, म्हणजे माझे वडील, आणि आईची मांजर ठकी. थोड्याच दिवसांत ठकी तापाने पडली. रक्तात जिवाणूंचा संसर्ग, गुरांचे डॉक्टर म्हणाले. अँटिबायोटिकने ती उठली, उंदरामागे धावली, आणि आबांनी गोळ्या बंद केल्या. ताप उलटला. नव्या तपासणीत कळलं, जुनं औषध आता त्या जिवाणूंवर चालत नाही.

"आबा, हे दुसरं औषध. मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. नाहीतर मांजर हाती लागणार नाही," डॉक्टरांनी बजावलं.

ठकी गोळी घेईना. लोण्यात दिली तर लोणी चाटायची, गोळी थुंकायची. आबांचे हात ओरबाडून निघाले.

"तुझ्या आईनं एका बोटात गिळवली आसती," आबा म्हणाले. ते खरं होतं. आई हनुवटी वर करायची, गळ्यावरून एक बोट खाली फिरवायची. वासरांनाही तसंच.

मी रजा काढून बावड्याला आले होते. त्या दुपारी थुंकलेली गोळी आबांनी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि बाजूला बसले. ठकी आपणहून गेली. गोळी तोंडात घेतली, हनुवटी वर केली. गळ्यावरचे केस वरून खाली दबत गेले — बोटाएवढी रेघ. वारा नव्हता. तिने गिळलं.

"दिसली का गं तुला?" आबांनी विचारलं.

"नाही. केस दबलेले दिसले."

"मला बी तेवढंच." मग उंबऱ्याकडे बघत, "एवढी आली हाय, तर माझ्याकडं बघावं का न्हाय?"

रोज तिथंच, तसंच. आबा गोळीच्या वेळेआधी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसू लागले. मी मोबाईलवर चित्रण केलं. त्यात ठकी गिळताना दिसते. रेघ दिसत नाही.

शेवटी रक्त स्वच्छ आलं. डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या.

"आजून थोडं दिस दिली तर चालंल का?" आबांनी विचारलं.

"कशाला, आबा? तिला सवय लागली की काय?" डॉक्टर हसले.

"तिला न्हाय," आबा म्हणाले.