जुन्या ऑटोमॅटिकला लावलेली पॅडलं

मी गिअरबॉक्स इंजिनीअर आहे. आमच्या घरात हा विषय आता कुणी काढत नाही.

जर्मनीत रेगेन्सबर्गला आल्यावर मी तीस वर्षं जुनी एक ऑटोमॅटिक गाडी घेतली. (बायकोच्या, म्हणजे शीतलच्या मते दत्तक घेतली.) ऑफिसातल्या सगळ्यांच्या गाड्यांना स्टिअरिंगमागे पॅडलं, डावं दाबलं की गिअर खाली, उजवं दाबलं की वर. माझ्या गाडीत सगळा कारभार तेलाच्या दाबावर. वायर जोडावी असं आत काही नव्हतंच. मग मी गिअरच्या दांडीलाच एक छोटी मोटर बांधली. पॅडल दाबलं की मोटर दांडी एक घर सरकवणार. यात तीन शनिवार गेले.

तेव्हा सासरे आमच्याकडे आले होते. अकोल्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची उभी हयात गेलेली. त्यांनी एक पॅडल बोटाने हलवून पाहिलं.

"जावईबापू, गिअर तर आपोआपच बदलते ना?"

"हो, मामाजी."

"मंग हे काहाले?"

"कंट्रोल आपल्या हातात राहतो."

"बरं," ते म्हणाले. भंगारात काढायच्या गाडीबद्दल ते असंच "बरं" म्हणत असावेत.

उद्घाटनाला मी दिवसही नेमका निवडला. शीतलला जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळणार होतं, अकरा वाजता, राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत. ती पैठणीत, मामाजी कोटात, मागे आमची सात वर्षांची रेवा.

"आल्झो, मग आज बसने गेलो तर?" शीतलने विचारलं. मी नुसता हसलो.

पहिला गोल चौक आला. मी डावं पॅडल दाबून गिअर झकास खाली घेतला. (मामाजी बघताहेत ना, तेही बघून घेतलं.) मग स्टिअरिंग वळवलं. पॅडलं स्टिअरिंगलाच चिकटवलेली, त्यामुळे तीही फिरली. डावं कुठलं नि उजवं कुठलं, कळेना. गिअर अजून खाली घ्यायच्या नादात मी हाताशी आलेलं पॅडल दोनदा दाबलं. ते उजवं होतं. मोटरने इमानेइतबारे दांडी पुढे ढकलली, ड्राइव्ह ओलांडून थेट न्यूट्रलमध्ये, आणि तिथेच अडकून बसली. इंजिन डरकाळ्या फोडतंय, गाडी जागची हलत नाही!

"पापा, विर श्टेएन," रेवाने जाहीर केलं. आपण थांबलोय, हे मागच्या गाड्यांच्या रांगेलाही कळलं होतं. पण कुणी हॉर्न वाजवला नाही. त्याहून वाईट झालं. एक आजोबा उतरले, त्यांनी स्वतःच्या गाडीतला धोक्याचा त्रिकोण आमच्या मागे मांडला आणि आम्हा सगळ्यांना पिवळी जॅकिटं घालायला लावली. शीतलने पैठणीवर जॅकिट चढवलं, रेवाचा हात धरला आणि कोपऱ्यावरून बस पकडली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मामाजींनी कोट काढून माझ्या हातात दिला. "पक्कड आहे?"

दोन मिनिटांत त्यांनी माझी मोटर उपटून सीटवर ठेवली. "आता आपोआप चालन."

चालली. आम्ही राटहाउसला पोचलो तेव्हा नवे नागरिक ब्रेत्सेल खात पांगत होते.

समारंभाचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. हातात प्रमाणपत्र, अंगावर पैठणी आणि त्यावर ते पिवळंधमक जॅकिट. गडबडीत काढायचं राहूनच गेलं. अधिकारीणबाई म्हणे खूश झाल्या, इतक्या तयारीची नागरिक त्यांनी पाहिली नव्हती.

पाहुणे फोटो बघतात आणि हमखास विचारतात, "आणि तुमचे मिस्टर कुठे होते?"

चहा गाळता गाळता, मान वर न करता शीतल सांगते, "न्यूट्रलमध्ये."