खाऱ्या शेतातल्या अक्षता

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, लिहिण्यात चुकाही असतील. त्याबद्दल कोणी रागावू नये. मन मोकळं करायला दुसरी जागा नाही.

आज आमच्या खाडीकाठच्या शेतातले तांदूळ सुपात घेऊन निवडत बसले होते. पावसाळ्यात बांध फुटून उधाणाचं पाणी शेतात शिरलं. भात तगलं, लोंब्याही आल्या, पण दाणा भरला नाही. पोटात खडूसारखा पांढरा राहिला. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, तांदूळ कसले, कणीच घेऊन चाललात!"

कणी वाया जात नाही, तिची पेज होते. पण परवा सुमनचं लग्न आहे आणि अक्षतांना अख्खाच दाणा लागतो. लेकीच्या डोक्यावर आपल्या शेतातले तांदूळ पडावेत, एवढंच मनात होतं. दुपारपर्यंत जेमतेम वाटीभर निघाले.

सुमन हसली. "आये, एवढ्यात भटजींचंच भागेल. दुकानातले आण गो."

खारं पाणी दर वेळी रोपाला मारत नाही, दाणा आतून ठिसूळ करतं. लांबून बघणाऱ्याला शेत हिरवंच दिसतं. पूर्वी बांधावर माती टाकायला अख्खी वाडी उतरायची. आता निम्म्या घरांना कुलपं आहेत आणि लांबून वाडीही तशीच हिरवी दिसते.

संध्याकाळी दुकानातले तांदूळ आणून कुंकवात घोळवले. लांब, सरळ, एकही तुटलेला नाही. कुठल्या मातीतले, कोणी लावले, काही ठाऊक नाही. परवा तेच तिच्या डोक्यावर पडतील.