बाटलीभाऊ आन् आमची विहीर

बाटलीभाऊ आमच्या वस्तीत येत, बसत, हासत, पन् पाणी नाई पेत. चहाबी नाई. भर उन्हात नागभीडहून सायकल दामटत येत, ओठाले पापड्या सुटत, तरी म्हनत, "नोको बाई, आत्ताच पेलो." कुठी पेले, ते नाई सांगत.

वस्तीमागं मुरमाची जुनी खदान होती. तिच्यात एका कारखान्यानं मोप वर्षं घाण फेकली. काळी, डांबरावानी. ऐंशी सालानंतर सरकारनं ते बंद केलं. वरची घाण ट्रकात गेली, खालची चिकन मातीनं झाकली. ती माती आमी बायांनीच घमेल्यानं टाकली. आता घाण आमच्या विहिरीच्या पाण्यात उतरते का, ते पाहाले दर महिन्याले बाटलीभाऊ येत.

जातीचे मुसलमान, आफिसातले साधे नोकर. बाटली आदी विहिरीच्याच पाण्यानं विसळत, ते पाणी लांब नेऊन सांडत, मंग बाटली भरून बूच ठोकत. आमची सखू चिडवे, "भाऊ, दारूच्या बाटल्या आना जी, आमचे माणसंबी विहिरीवर येतीन!"

"मंग घरी कोन नेईन त्याईले? तू?" भाऊ म्हनत.

विहीर आमची होती. बुद्धाचा धम्म घेतल्यावर वस्तीनं सोता खोदलेली. पह्यली कुदळ माह्या सासऱ्यानं मारली. तिच्यापाशी उभं राहून कोनी पाणी नोको म्हनलं, तं आमाले एकच अर्थ समजे. दुसरा कोनी शिकवलाच नोयता.

एक दिवस मी लोटा भरून त्याईच्या समोर धरला. "काऊन जी भाऊ, तुमच्याबी धर्मात आमचा विटाळ होते?"

भाऊचं तोंड उतरलं. "तोबा! असं नोको बोलू बाई. पाण्याचं..." म्हनता म्हनता थांबले. मंग लोटा घेतला अना गटागटा पेले.

वस्तीत बातमी फिरली, बाटलीभाऊनं पेलं! तपासनाराच पेला, म्हंजे पाणी चांगलंच असन. वास येते म्हून ज्या बाया नाल्यावरून पाणी आनत, त्याईनंबी विहिरीत बाल्टी सोडली.

मंग लेकरांचे पोटं दुखाले लागले. अंगावर फोडं. माह्या सुमनचे केस पुंजक्यानं निघत.

तवा कुठी भाऊच्या आफिसातले साहेब जीपनं आले. म्हने, पाणी खराब आहे, विहीर बुजवा. भाऊ जीपमागं उभे होते.

"तुमाले मालूम होतं, भाऊ?"

"शक होता बाई. बोलाची मनाई होती. त्या दिवशी मी तुमच्यासाठी पेलो, पाण्यासाठी नाई."

"नसते पेले तं मी जन्मभर शिव्या दिल्या असत्या तुमाले," मी म्हनलं. "पन् लेकरं तं बरे राह्यले असते."

भाऊ सायकल घेऊन पायीच गेले. मंग बदली झाली म्हनत. वाईट माणूस नोयता. वाईट असता तं पेला नसता.

विहीर बुजवाले मजूर लागले, ते आमीच. खोदली आमी, भरलीबी आमी.

दुसऱ्या दिवशी घागरी घेऊन मोठ्या गावातल्या विहिरीवर गेलो. काठापासून लांब उभ्या राह्यलो, कोनी ओतून देईन म्हून.

सुमन म्हने, "माय, पुढं काऊन नाई जात?"

मी तिचा हात धरून ठेवला.