सर्व्हर बघायला आलेले गृहस्थ

नाशिकला, अंबडच्या आमच्या ऑफिसात एक बिल्ड सर्व्हर आहे. सगळ्यांचा कोड एकत्र जोडून तपासायचं, म्हणजे बिल्डचं, काम तो करतो. दहा मिनिटांच्या या कामाला तास लागायला लागला, तेव्हा मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं की आमच्या टीममधल्या मीनलने लिहिलेल्या चाचण्या जड आहेत. तिला प्रोजेक्टवरून काढलं. सर्व्हर तसाच रखडत राहिला.

मग ओझरहून एक गृहस्थ दिवसभरासाठी आले. वय पन्नाशीचं. पहिला तासभर त्यांनी कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही. नुसते स्क्रीनकडे बघायचे, मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि कागदावर वेळ टिपायचे.

"चाचण्या छान लिहिल्यात हो," ते म्हणाले. "पण साहेब, पाच वर्षांतलं एकही जुनं बिल्ड तुम्ही पुसलेलं नाही. दर वेळी हा बिचारा सगळ्या नोंदी वाचत बसतो. सगळं ठेव म्हणून याला सांगितलं कुणी?"

"आधीचं कुणीतरी असेल," मी म्हणालो.

सेटिंगमधल्या बदलांची यादी त्यांच्यासमोर उघडीच होती आणि 'सगळं ठेव' या ओळीपुढे माझं नाव होतं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि यादी बंद केली.

"असू द्या. शेवटची पन्नास ठेवू."

पुढचं बिल्ड नऊ मिनिटांत झालं. रिपोर्टमध्ये त्यांनी कुणाचंच नाव घातलं नाही. शेवटी फक्त एक ओळ होती: चाचण्यांमध्ये दोष नाही.

ती ओळ खोडून मी रिपोर्ट वर पाठवला.