मामांचा कारखाना, सिरीयलवाल्यांचा स्टुडिओ

माझ्या मामेसासऱ्यांइतका बूड न टेकणारा माणूस अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात झाला नाही आणि होणारही नाही. शिरगावला आमच्याकडे आले की चहा उभ्यानेच प्यायचे, आणि कप विसळायला जाईपर्यंत नळाचा वायसर बदलून, शिलाई मशीनला तेल घालून मोकळे व्हायचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं फिटरची नोकरी केली. एका सकाळी फाटकावर बंदची नोटीस लागली, आणि कपाटातला स्वतःचा डबा घ्यायलासुद्धा त्यांना कोणी आत सोडलं नाही. दोन हजार साल उलटल्यावर त्याच शेडमध्ये सिरीयलवाल्यांनी स्टुडिओ थाटला. बातमी बुवापाड्यातल्या त्यांच्या घरी पोचताच मामा जाऊन मेंटेनन्सला लागले.

पॅकिंग खात्यात आता कोर्टाचा सेट होता, कँटीनमध्ये हॉस्पिटल आणि बॉयलरच्या जागी श्रीमंतांचं देवघर. मामा मात्र जुनेच पत्ते सांगत. जजसाहेब कुठे आहेत विचारलं की उत्तर यायचं, "पॅकिंगमध्ये." देवघरात रडून दमलेल्या नायिकेला ते कौतुकाने म्हणाले होते, "ताई, आमचा बॉयलर होता ना, तेव्हा इथं माणूस पाच मिनिटं टिकत नव्हता. तुम्ही तासभर रडलात!" त्यात हाताला चैन नाही. भुताच्या सिरीयलमधलं दार कुरकुरतं म्हणून त्यांनी बिजागऱ्यांना ग्रीस भरलं, आणि भूत बिचारं आवाज न करता आत आलं. स्टुडिओच्या मॅनेजरने हात जोडले, "मामा, लास्ट वॉर्निंग. परत न विचारता कशाला हात लावला, तर गेटच्या आत यायचं नाही." मामींनी धसकाच घेतला. ते आवार सुटलं तर हा माणूस दोन खोल्यांत मावायचा कसा?

एका रविवारी ते मला शूटिंग दाखवायला घेऊन गेले. त्या दिवशी कारखाना बंद पडण्याचा सीन होता. फाटकावर नोटीस चिकटवलेली, समोर कॅमेरा लागलेला, आणि कामगार झालेली तीस-चाळीस माणसं माना खाली घालून उभी. मामांनी नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटलं, आता काहीतरी विनोद करतील. त्यांनी ती टराटरा फाडली.

"मामा, येडे झालात काय? पूरा शॉट गेला!" मॅनेजर धावत आला. "खोटी होती ती!"

"माहितीये साहेब," मामा म्हणाले. "खरी लावली होती तेव्हा आम्ही सगळे नुसते वाचत उभे राहिलो."

मॅनेजरने दुसरी नोटीस मागवली आणि हळूच म्हणाला, "आज घरी जा. उद्या आठला या."

"सातला येतो," मामा म्हणाले.

मी इतकी वर्षं त्यांच्या धावपळीला हसत आलो होतो, त्याचं परतताना मला फार वाईट वाटलं.